एकट्या बीजाणूचं गणगोत

पाऊस नीट मुरला की भोसरी-पिंपरीच्या एमआयडीसीतल्या जुन्या भिंती बघत चला. छतावरच्या पाण्याचा पाइप गळतो तिथे, गिलावा उडून विटांच्या फटी उघड्या पडल्यात तिथे, नाल्याकाठचा दगड कायम ओला राहतो तिथे नेचे शोधा. मधल्या देठाच्या दोन्ही बाजूंना लांब, अरुंद पट्ट्या आणि टोकाची पट्टी बरीच लांब असेल, तर तो बहुधा टेरिस व्हिटाटा. चुन्यावर याचा भारी जीव. जुन्या विहिरी, पूल, विटांची बांधकामं ही त्याची आवडती ठिकाणं. देठ काळा, चकचकीत, तारेइतका बारीक आणि पानं नाजूक पंख्याच्या आकाराची असतील, तर तो हंसराज.

या टेरिसची एक गंमत जाता जाता सांगतो. २००१ साली फ्लोरिडा विद्यापीठातल्या लीना मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की हा नेचा जमिनीतलं आर्सेनिक ओढून घेतो आणि पानांत साठवून ठेवतो. ज्या विषाने इतर झाडं मान टाकतात त्यावर हा पोसल्यासारखा वाढतो. औद्योगिक पट्ट्यात राहायला याहून लायक रहिवासी कोण? पण आज आपल्याला त्याचं पोट नाही, त्याचं कूळ बघायचं आहे.

नेच्याला फूल नाही, फळ नाही, बी नाही. पक्ष्याने गिळून आणून टाकावं असं त्याच्याकडे काही नाही. सह्याद्रीची ओली रांग इथून चाळीस-पन्नास किलोमीटरवर. मग हा या भिंतीत आला कसा? आणि त्याहून अवघड प्रश्न: एकटाच आला असेल, तर पुढे त्याचा वंश चालला कसा?

पान उलटून पाहा. कडेने किंवा शिरांच्या बाजूने तपकिरी रेघा किंवा ठिपके दिसतील. रोग पडलाय असं वाटून कुंडीतल्या नेच्यावर औषध मारणारे लोक असतात. ती खरं तर बीजाणूंची कोठारं. प्रत्येक ठिपक्यात अनेक सूक्ष्म डब्या, आणि बहुतेक नेच्यांत प्रत्येक डबीत नेमके ६४ बीजाणू. हा ६४ चा आकडा लक्षात असू द्या, पुढे कामाला येणार आहे. एका मोठ्या पानावर मिळून लाखो बीजाणू सहज होतात.

डबी उघडते तीही बघण्यासारखी. तिच्या पाठीवर पेशींची एक पट्टी असते. हवा कोरडी झाली की त्या पेशींतलं पाणी उडतं, पट्टी आकसते आणि डबी फाकून मागे वाकत जाते. पाण्यावरचा ताण वाढत वाढत असह्य झाला की पेशींत एकदम बुडबुडे फुटतात, आणि ताणलेली पट्टी सुटून पुढे झेपावते. बीजाणू सेकंदाला सुमारे १० मीटर वेगाने बाहेर फेकले जातात, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. कुठेही स्नायू नाही, मज्जातंतू नाही. नुसतं पाणी उडून गेलं, एवढंच इंधन. अर्थात इतक्या हलक्या कणाला हवा लगेच थोपवते. पण काम झालेलं असतं: पानाजवळच्या स्थिर हवेतून तो सुटलेला असतो. पुढचं वारा बघतो. मावळातून निघालेल्या धुळीसारख्या या कणाला चाकण काय आणि चिंचवड काय, सारखंच.

आता समजा त्या लाखोंपैकी एकच बीजाणू एका ओल्या विटेवर येऊन पडला. इथून खरी नवलाई सुरू होते.

बी आणि बीजाणू यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हरभऱ्याच्या दाण्यात आई-बापांचा मिलाफ आधीच झालेला असतो. आत छोटं रोप आणि त्याची शिदोरी तयार असते. बीजाणू म्हणजे एकच पेशी, आणि तिच्यात गुणसूत्रांचा एकच संच, नेच्याच्या निम्मा. त्यातून नेचा उगवतच नाही. उगवते एक हिरवी, पातळ, हृदयाच्या आकाराची चकती, जेमतेम काही मिलिमीटरची. तिला प्रोथॅलस म्हणतात. तिला मूळ, खोड, पान यांपैकी काही नसतं. पण ती स्वतः अन्न तयार करते, स्वतंत्र जगते. आपण तिला शेवाळ समजून ओलांडून जातो.

या चकतीने युरोपातल्या विद्वानांना शतकानुशतकं चकवलं. नेच्याला अदृश्य बी असतं आणि ते मिळालं तर माणूसही अदृश्य होतो, अशी तिथे लोकांची समजूत होती. बीजाणू पेरून नेचे उगवता येतात हे जॉन लिंडसे या जमैकातल्या डॉक्टरने १७९४ साली लिहून ठेवलं. पण पेरणी आणि नेचा यांच्या मधे काय घडतं? १८४८ साली लेशचित्स-सुमिन्स्की या पोलिश सरदाराने सूक्ष्मदर्शकाखाली ते पाहिलं. चकतीच्या पोटाशी दोन प्रकारचे अवयव होते. एकातून शुक्रपेशी बाहेर पडत होत्या. दुसऱ्यात, एका बारीक नळीच्या तळाशी, अंडपेशी बसलेली होती. आणि शुक्रपेशी पोहत होत्या! स्क्रूसारख्या वळलेल्या, अंगावर केसांसारख्या असंख्य चाबकांची झालर असलेल्या, पाण्याच्या पातळ थरातून वाट काढणाऱ्या. तीन वर्षांनी, १८५१ मध्ये, विल्हेल्म हॉफमाइस्टर या पुस्तकविक्रीच्या धंद्यातल्या, विद्यापीठाचं तोंडही न पाहिलेल्या माणसाने शेवाळापासून सूचिपर्णी वृक्षांपर्यंत सगळ्यांच्या आयुष्यातला हा दोन पिढ्यांचा फेरा एका सूत्रात गुंफला. डार्विनचं पुस्तक यायला अजून आठ वर्षं होती.

शुक्रपेशींना वाट कोण दाखवतं? १८८४ साली विल्हेल्म फेफरने दाखवलं की त्या मॅलिक आम्लाच्या दिशेने पोहत जातात. सफरचंदाला आंबटपणा देणारं तेच आम्ल. भिंतीवरच्या दवाच्या थेंबात, डोळ्यांना न दिसणाऱ्या पल्ल्यावर, वासाच्या मागावर निघालेला हा प्रवास आहे.

आता आपल्या विटेवरच्या चकतीकडे परत येऊ. ती एकटी आहे. आसपास दुसरी चकती नाही. पण तिच्याकडे शुक्रपेशीही आहेत आणि अंडपेशीही. दोन्हींमधलं अंतर मिलिमीटरचा काही भाग. पाऊस पडला, पाण्याचा थर आला, आणि तिच्याच शुक्रपेशीने तिचीच अंडपेशी फलित केली. झाला नेचा.

इथे क्षणभर थांबून, नक्की काय घडलं ते पाहू. चकतीच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांचा तोच एक संच असतो, कारण ती एकाच बीजाणूपासून साध्या विभाजनाने वाढलेली आहे. तिची शुक्रपेशी आणि तिची अंडपेशी यांत कणभर फरक नाही. एकाच पानाच्या दोन झेरॉक्स काढून त्या समोरासमोर लावून पुस्तक बांधलं, तर कसं होईल? दोन घरांतून आलेल्या दोन प्रती असत्या तर एकीतली छपाईची चूक दुसरीतून दुरुस्त करून वाचता आली असती. इथे एकीत जी ओळ पुसट, ती दुसरीतही तिथेच पुसट.

आपल्याकडे लग्न जमवताना गोत्र बघतात. सगोत्र नको म्हणतात, आणि त्याच महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न कित्येक घरांत चालतं. जनुकशास्त्र या जवळिकीला आकडा देतं: अपत्याला एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीवरून आलेल्या असण्याची शक्यता किती? मामाच्या मुलीशी लग्न झालं, तर एक सोळांश. सख्ख्या भावंडांची संतती असेल, तर एक चतुर्थांश. वाटाण्याच्या फुलाने स्वतःचेच पराग घेतले, तर एक द्वितीयांश. शुद्ध वाण मिळवायला पिढ्यान् पिढ्या हे स्वफलन करत राहावं लागतं, कारण दर पिढीला फक्त निम्मी विविधता गळते. आणि आपल्या चकतीचं काय? पूर्ण एक. एका पावसात, एका पिढीत, सगळी विविधता शून्यावर. निसर्गात अंतःप्रजननाची याहून टोकाची पायरी असू शकत नाही, कारण पुढे पायरीच उरत नाही.

एवढा धोका का पत्करायचा? कारण त्याबदल्यात जे मिळतं ते अफाट आहे. एक बीजाणू पडला की वसाहत वसली! जोडीदाराची वाट बघायला नको, फुलपाखरू नको, मधमाशी नको.

१८८३ साली क्राकाटोआ बेटावर ज्वालामुखीचा स्फोट झाला, आणि जे उरलं ते राखेच्या जाड थराखाली गाडलं गेलं. १८८६ मध्ये, जेमतेम तीन वर्षांनी, मेल्खिओर ट्रोइब हा डच वनस्पतिशास्त्रज्ञ तिथे उतरला. राखेच्या उतारांवर त्याला दिसले नेचे. अकरा जाती, आणि बेटाच्या आतल्या भागात त्यांचंच राज्य. समुद्रावरून, किलोमीटरच्या किलोमीटर, वाऱ्यावर आलेले.

दूरवर एकट्याने जाऊन पोहोचणाऱ्या जीवाला स्वतःच स्वतःचा जोडीदार होता आलं तर त्याचा टिकाव लागतो, हा विचार १९५५ साली हर्बर्ट बेकर या वनस्पतिशास्त्रज्ञाने मांडला. आज त्याला बेकरचा नियम म्हणतात. नेच्यांवर तो कसा लागू पडतो हे नेदरलँड्समध्ये छान तपासता आलं. तिथे समुद्राच्या आखाताला बांध घालून, पाणी उपसून, १९४२ मध्ये एक मोठा भूभाग कोरडा केला गेला. त्यावर पुढे कुइंडरबोस नावाचं जंगल लावलं. म्हणजे जमीनच इतकी नवी, की तिथला प्रत्येक नेचा बाहेरून आलेला असणार, यात शंकेला जागा नाही. तिथल्या दुर्मीळ नेच्यांचे जनुकीय ठसे घेतले तेव्हा कित्येक झाडं अंतर्बाह्य एकसारखी निघाली: एका बीजाणूने, स्वतःशीच संग करून, वसवलेली. आणि काही जातींत वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले अनेक बीजाणू एकत्र आल्याचंही दिसलं.

आपला औद्योगिक पट्टाही तसा नवाच आहे. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची उभारणी १९५४ ची, एमआयडीसीची स्थापना १९६२ ची, आणि चाकणचे मोठे कारखाने तर त्यानंतरचे. जिथे ज्वारी-बाजरीची शेतं होती तिथे काँक्रीट, चुना, विटा आणि गळके पाइप आले. नेच्याच्या दृष्टीने ही रिकामी बेटंच. कुठली भिंत एकाच बीजाणूची प्रजा आहे आणि कुठली अनेकांची, हे नुसत्या डोळ्यांनी कळणार नाही, पण पानाच्या तुकड्यातल्या जनुकांवरून नक्की कळेल.

मग नेच्यांनी हाच सोपा मार्ग सरसकट का धरला नाही?

कारण त्या झेरॉक्समधल्या चुका. प्रत्येक सजीवाच्या जनुकसंचात थोड्याफार चुका लपलेल्या असतात. दोन प्रतींपैकी एक चांगली असली की चूक झाकली जाते. तुम्ही म्हणाल, चकती तर एकाच प्रतीवर जगली, मग तिच्यात चूक असती तर ती आधीच मेली नसती का? अगदी बरोबर, आणि म्हणूनच हे प्रकरण इतकं सुंदर आहे. चकतीला लागणारी जनुकं त्या चाळणीतून जातातच. पण पानं, मुळं, पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या घडवणारी कितीतरी जनुकं चकतीच्या आयुष्यात मिटलेलीच राहतात. त्यांच्यातली चूक नेचा घडू लागल्यावरच उघडी पडते. गर्भ अर्ध्यावर थांबतो, किंवा रोप खुरटतं.

याची परीक्षा घ्यायला महागडं यंत्र लागत नाही. बीजाणू पेरायचे, चकत्या उगवल्या की एकेक उचलून वेगळ्या डबीत एकटी ठेवायची, आणि वरून पाणी शिंपडत राहायचं. ज्या डबीत नेचा उगवला तिथली चकती निर्दोष. जिथे वारंवार पाणी देऊनही काही उगवत नाही, तिथे काहीतरी जीवघेणं दडलेलं आहे. जपानमध्ये मासुयामा यांनी एकाच जातीच्या दोन रूपांवर हे करून पाहिलं. गुणसूत्रांचे दोन संच असलेल्या रूपाला एकटेपणा मानवेना. चार संच असलेल्या रूपातून एकट्या चकत्यांनी सहज नेचे उभे केले. जास्त प्रती म्हणजे चूक झाकायला जास्त पांघरूण.

यावरून एक मोठा सिद्धान्त उभा राहिला, आणि तो मला आजही देखणा वाटतो, जरी तो कोसळला तरी. १९६६ साली एडवर्ड क्लेकोव्स्की आणि तेच हर्बर्ट बेकर यांनी गुणसूत्रांच्या नोंदी एकत्र मांडल्या. बहुतेक नेच्यांसारख्या, एकाच प्रकारचे बीजाणू करणाऱ्या वनस्पतींच्या एका संचात सरासरी ५७.०५ गुणसूत्रं. नर आणि मादी असे वेगळे बीजाणू करणाऱ्या, म्हणजे स्वतःशी असं पूर्ण स्वफलन करूच न शकणाऱ्या त्यांच्या भावंडांत सरासरी १३.६२. माणसाच्या एका संचात २३ असतात, म्हणजे साधा नेचा आपल्या दुपटीहून पुढे. का? त्यांचं उत्तर असं: स्वफलनाने सगळं एकसारखं होऊन जातं, म्हणून नेच्यांनी आपले संच अनेक पटींनी वाढवून ठेवले. एक प्रत बिघडली तर दुसरी, दुसरी बिघडली तर तिसरी.

जवळजवळ वीस वर्षं हे उत्तर पाठ्यपुस्तकांत दिमाखात राहिलं. मग १९८० च्या दशकात क्रिस्टोफर हॉफ्लर आणि डग्लस व पामेला सोल्टिस यांनी पानांतली एन्झाइम वेगळी करून प्रत्यक्ष मोजायला सुरुवात केली. इतक्या गुणसूत्रांच्या नेच्यात प्रत्येक एन्झाइमची चार-सहा-आठ रूपं दिसायला हवी होती. दिसली दोनच, साध्या द्विसंची झाडासारखी! प्राचीन काळी संच पटीने वाढले असतीलही, पण जादाची जनुकं कधीच गप्प झाली होती. गुणसूत्रं तेवढी मागे राहिली. आणि त्याहून धक्कादायक म्हणजे, अनेक नेचे स्वफलन करतच नव्हते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पॉलिस्टिकम म्युनिटम या नेच्यात जवळजवळ सगळी संतती परक्याशी संग करून झालेली निघाली. ज्याला एकट्याने सगळं जमतं, तो एकट्याने काही करत नव्हता.

मग शेजारीशेजारी, मिश्र बसलेल्या त्या चकत्या स्वतःला टाळतात कशा?

उत्तराचा धागा १९५० सालीच सापडला होता. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ वाल्टर ड्योप यांनी पाहिलं, की मोठ्या चकत्या ज्या द्रवात वाढल्या त्यात लहान चकत्या ठेवल्या तर त्या नर होतात. म्हणजे मोठी चकती पाण्यात काहीतरी सोडते. त्या द्रव्याला पुढे अँथेरिडिओजेन हे नाव मिळालं. जी चकती आधी उगवली, आधी मोठी झाली, ती अंडपेशी धरते आणि हा निरोप सोडते. स्वतः ती या निरोपाला बधिर झालेली असते. तिच्याभोवती उशिरा उगवलेली चिमुरडी चकती तो निरोप मिळताच अंडपेशीचा नाद सोडते आणि नुसत्या शुक्रपेशी तयार करू लागते. म्हणजे आपण नर व्हायचं की उभयलिंगी, हे ती चकती शेजार बघून ठरवते! शेजारी कुणी नसेल तर निरोप नाही, आणि निरोप नसेल तर दोन्ही अवयव स्वतःकडे ठेवून स्वफलनाची सोय शाबूत. मेंदू नसलेल्या, नखाएवढ्याही नसलेल्या जीवाने केलेला हा हिशेब आहे.

आणि हे द्रव्य कसलं? जिबरेलिनच्या कुळातलं. आपल्या नाशिक-सांगलीचे द्राक्षबागायतदार ज्याला ‘जीए’ म्हणतात आणि मणी लांबवायला ज्यात घड बुडवतात, त्याच्याच घराण्यातलं. २०१४ साली जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी लायगोडियम या चढत्या नेच्यात त्याची कार्यपद्धती उलगडली. मोठी चकती हे संप्रेरक पूर्ण बनवतच नाही. शेवटच्या पायरीआधी थांबते, रेणूला एक छोटी शेपटी लावते आणि बाहेर सोडते. त्या शेपटीमुळे तो दुसऱ्या चकतीच्या पेशीत सहज शिरतो. तिथे लहान चकती शेपटी कापते, उरलेली पायरी पूर्ण करते, आणि तिच्याच अंगात खरं संप्रेरक जागं होतं. अर्धी कृती एका घरात, अर्धी दुसऱ्या घरात! या लायगोडियमचा भाऊबंद लायगोडियम फ्लेक्सुओसम आपल्या कोकणात आणि घाटात झुडपांवर चढलेला असतो. त्याचं एकच पान वेलीसारखं कित्येक फूट वाढत जातं.

याहून चकित करणारं अजून आहे. बीजाणूंना रुजायला सहसा उजेड लागतो. मातीत गाडले गेले की ते झोपून राहतात. पण काही जातींत वरून झिरपणाऱ्या अँथेरिडिओजेनचा स्पर्श झाला की ते अंधारातही रुजतात, आणि नर होतात. जमिनीवरची एक चकती गाडलेल्या जुन्या वर्षांतून आपले नवरे उठवते आहे. स्वफलन टाळायचं म्हणजे किती, याला काही सीमा?

दुसऱ्या टोकालाही एक कुळी आहे, आणि ती आपल्या डोंगरांवर आहे. जून-जुलैत सह्याद्रीच्या सड्यांवर, आखूड गवतात, एकच साधं पान आणि त्यातून वर आलेली एक बारीक काडी असा इवलासा प्रकार उगवतो. तो नेचा आहे यावर पहिल्यांदा विश्वासच बसत नाही. ओफिओग्लॉसम त्याचं नाव. पुणे विद्यापीठाचे टी. एस. महाबळे यांनी १९६२ मध्ये भारतातल्या त्याच्या जातींचा सविस्तर आढावा घेतला. २०१८ साली आपल्या सीमेला लागून असलेल्या डांगच्या जंगलातून त्याची एक जात जगासमोर आली, जेमतेम १ सेंटिमीटर उंचीची. आणि १९५४ मध्ये केरळात अब्राहम आणि निनान यांनी ओफिओग्लॉसम रेटिक्युलेटमची गुणसूत्रं मोजली तेव्हा एका संचात सहाशेच्या वर भरली. नंतरच्या मोजण्यांत पेशीतला एकूण आकडा १४४० पर्यंत गेला. आपल्याकडे ४६, या बोटभर काडीकडे १४४०! वनस्पतींत याहून मोठा आकडा माहीत नाही.

त्याची चकती तर चकतीही नाही. जमिनीखाली, अंधारात, हिरवेपणा गमावलेली, बुरशीच्या आधाराने जगणारी एक फिकट गाठ. तिथून शुक्रपेशीने शेजारच्या गाठीपर्यंत मातीतून पोहत जायचं म्हणजे महाकठीण. ओफिओग्लॉसमचा जवळचा नातलग बोट्रिकियम याच्या एन्झाइमांनी तेच सांगितलं: जवळजवळ सगळं स्वफलन, पिढ्यान् पिढ्या. इतक्या पिढ्यांत जीवघेण्या चुका उघड्या पडून गळून गेल्या असणार. ज्यांना एकांत सोसला तेच उरले.

आणि काहींनी हा सगळा व्यापच सोडला. कोरड्या कातळाच्या फटीत वाढणारा, पानाच्या पोटाला पांढरी पूड असलेला रुपेरी नेचा तुम्ही पाहिला असेल. पान हाताच्या पाठीवर दाबलं की पांढरी नक्षी उमटते. त्याच्या गोतावळ्यातल्या कित्येक नेच्यांत फलन होतच नाही. चकतीच्या अंगातून थेट नेचा उगवतो. पोहायला पाणी नसलेल्या कातळावर हे सोयीचंच. हे ओळखायचं कसं? डबीतले बीजाणू मोजा. ६४ ऐवजी ३२ भरले, तर समजा की एक विभाजन मधेच गाळून प्रत्येक बीजाणूत गुणसूत्रं निम्मी न करता पूर्ण ठेवली आहेत. हंसराजातही असे वाण आपल्याकडे आहेत.

आता क्लेकोव्स्कीची राहिलेली गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या गावच्या कामाची आहे. त्यांचा मोठा सिद्धान्त टिकला नाही, पण एकट्या चकतीची ती साधी परीक्षा त्यांनी एका नदीवर नेली. मॅसॅच्युसेट्समधल्या मिलर्स नदीत कागद कारखान्यांचं सांडपाणी येत असे. तिच्या काठावर ऑस्मुंडा रेगालिस हा मोठा, देखणा नेचा वाढायचा. हा आपल्याकडे महाबळेश्वरच्या ओढ्यांच्या काठानेही सापडतो. त्याचं खोड दीर्घायुषी, आणि गुणसूत्रं एका संचात फक्त २२, त्यामुळे चुका झाकायला जादा पांघरूण नाही. झाडात एक नवी जीवघेणी चूक शिरली असेल तर त्याच्या एकट्या चकत्यांपैकी बरोबर निम्म्यांतून नेचा उगवत नाही. दोन वेगळ्या चुका असतील तर चारांपैकी एकच पार पडते. म्हणजे डब्या मोजल्या की चुका मोजल्या. १९७६ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधांत दूषित पाण्याकाठच्या झाडांत जनुकीय आणि गुणसूत्रांची मोडतोड ठळकपणे जास्त आढळली. पाण्यात काय मिसळलंय हे प्रयोगशाळा सांगते. ते सजीवाच्या वंशात कुठवर उतरलं, हे नेच्याने सांगितलं.

हीच परीक्षा आपल्या पवनेवरही घेता येईल. पवना मावळात घाटमाथ्याशी उगम पावते, धरणातून निघून रावेत, चिंचवड, पिंपरीवरून दापोडीला मुळेला मिळते. ती आणि इंद्रायणी, दोन्ही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत आहेत. पवनेच्या काठावर, घाटांच्या दगडांत, पुलांच्या पायांशी नेचे शोधायचे. आधी सूक्ष्मदर्शकाखाली डबी फोडून ६४ की ३२ पाहायचं. ३२ वाले इथे निरुपयोगी, त्यांना फलनच नको असतं. मग गुणसूत्रं मोजून जादा संच असलेले बाजूला काढायचे, कारण ते चुका झाकून ठेवतील. जी जात उरेल तिचे बीजाणू धरणाच्या वरच्या अंगाने एकदा आणि दापोडीच्या संगमाजवळून एकदा घ्यायचे, उकळून थंड केलेल्या मातीवर पेरायचे, आणि प्रत्येक झाकणाच्या डबीत एकच चकती ठेवायची. कुठल्याही महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात हे होण्यासारखं आहे: शंभर डब्या वरच्या पाण्याच्या, शंभर खालच्या, आठवड्यातून दोनदा पाण्याचा फवारा, आणि शेवटी दोन्ही रांगांत किती डब्यांतून पहिलं पान वर आलं त्याची मोजदाद.